नाताळचा तारा आणि उन्हाचा जमाखर्च

दिवाळीचे आकाशकंदील खालीं उतरतात न उतरतात तोंच आपल्या गांवांतून नाताळचे तारे वर चढूं लागतात. पूर्वीं या दोन्ही सणांस बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ आणि आंत ठेवावयास एक पणती किंवा विजेचा गोळा, एवढें साहित्य पुरत असे. हल्लीं बाजारांत सूर्याच्या उन्हावर चालणाऱ्या दिव्यांच्या माळा मिळूं लागल्या आहेत, आणि आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं त्या आल्याहि आहेत. माळेच्या टोंकास तळहाताएवढें एक काळें पॅनेल असतें. दिवसा तें उन्हांत ठेवावें. अंधार पडला कीं दिवे आपोआप लागतात. पहिल्या रात्रीं घरांतील लहानथोर सारी मंडळी अंगणांत येऊन कौतुक करितात. चवथ्या रात्रीं नऊच्या सुमारास दिवे मंद दिसूं लागतात आणि दहाच्या आंत मालवतात. पुढें डिसेंबरच्या चोविसाव्या तारखेस मध्यरात्रींची उपासना आटोपून मंडळी घरीं परततात, तों ज्या ताऱ्यासाठीं एवढा खटाटोप केला तो दारावर काळोखांत लोंबत असतो! मग "सोलरचा माल म्हणजे शुद्ध फसवणूक" असा निकाल होऊन ती माळ अडगळींत जाते.

हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. बाजारांत वाईट माल असतो हें खरें. परंतु दहांत सात वेळां दोष मालाचा नसून हिशेबाचा असतो, असें आमचें मत आहे. विजेच्या तारेवरचा दिवा हा उधारीवर जगणारा गृहस्थ होय. त्यानें किती खर्च केला हें महिनाअखेर कळतें. उन्हावरच्या दिव्यास उधारी मिळत नाहीं. दिवसा जेवढी जमा झाली असेल तेवढाच खर्च त्यास रात्रीं करतां येतो. पै जास्त नाहीं. हा जमाखर्च कसा मांडावा व नाताळच्या रात्रीं तारा उजाडेपर्यंत कसा तेवत ठेवावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे. इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं आंकडे स्वतः करून पाहावे. पालकांनीं आंकडे सोडून पुढें गेलें तरी चालेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण दुकानदार ती सांगणार नाहीं. विजेचें बिल वांचावें म्हणून हे दिवे घेऊं नयेत. विजेच्या तारेवर चालणारी आजची एलईडीची माळ साधारण ५ वॅट खाते. ती रोज ६ तास याप्रमाणें १५ रात्रीं लावली तर ४५० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनहि कमी वीज लागते. युनिटास दहा रुपये दर धरला तरी सबंध सणाचा खर्च साडेचार रुपये! एवढ्या बचतीसाठीं शेंकडों रुपयांची माळ घेणें हें शहाणपण नव्हे.

मग हे दिवे घ्यावेच कशाला? ज्यांनीं सणाच्या दिवसांत आपल्या गल्लींतून एक फेरी मारली असेल त्यांस हें सांगावयास नको. पिन न लावतां माळेच्या उघड्या तारा प्लगच्या भोकांत खुपसून आगकाडीनें दाबून बसविलेल्या असतात. तीच बारीक तार पत्र्याच्या छपरावरून, दवानें भिजलेल्या कामट्यांवरून, कपडे वाळत घालावयाच्या तारेवरून नेलेली असते. त्या तारेंत २३० व्होल्टचा दाब असतो, आणि तिचें वेष्टण उन्हानें एका वर्षांत तडकतें. पत्र्यास ती तार लागली तर सारें छप्पर जिवंत होतें. सौर माळेंत तीन-चार व्होल्टांपलीकडे दाब नसतो. ओल्या हातानें ती धरली तरी झटका बसत नाहीं. शिवाय जेथें प्लग नाहीं, म्हणजे फाटकावर, विहिरीच्या कठड्यावर, शेतांतल्या घराच्या ओसरीवर, तेथें ती लागते. आणि वीज गेली तरी ती जात नाहीं. आमच्या मतें हीं तीन कारणें पुरेशीं आहेत, आणि त्यांत पहिलें सर्वांत मोठें आहे.

आतां पॅनेलाकडे वळूं. उजेडापासून वीज निघते ही गोष्ट नवी नाहीं. सन १८३९ मध्यें पॅरिस येथें एडमंड बेकेरेल नांवाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानें आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेंत द्रवांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यांवर प्रकाश पाडला असतां विजेचा प्रवाह वाहतो असें दाखविलें. (वडिलांच्या उपकरणांस हात लावूं नये असें आम्ही मुलांस सांगत असतों, बेकेरेलच्या घरीं ती शिस्त नव्हती असें दिसतें.) परंतु उपयोगी पडेल असा सिलिकनचा सौरघट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सन १९५४ मध्यें जगापुढें मांडला. त्यावर पडलेल्या उन्हाच्या १०० भागांपैकीं ६ भागांची वीज होत असे. आजच्या चांगल्या पॅनेलांत २० किंवा त्याहून अधिक भागांची होते. सिलिकनच्या पातळ चकतींत दोन थर असतात. एकांत ऋण विद्युत्कणांची थोडी रेलचेल व दुसऱ्यांत थोडी टंचाई राहील अशी योजना केलेली असते. प्रकाश आंत शिरला कीं विद्युत्कण मोकळे होतात, आणि दोन थरांच्या सांध्यावर असलेल्या दाबामुळें ते एकाच बाजूस ढकलले जातात. हाच प्रवाह. त्यांत हलणारें चाक नाहीं, जळणारें इंधन नाहीं, झिजणारा भाग नाहीं.

तरीहि सन १९५४ नंतर कित्येक वर्षें कोणाच्या दारावर सौर दिव्यांची माळ दिसली नाहीं. त्याचें कारण पॅनेल नव्हे, दिवा होय. सन १८८२ मध्यें न्यूयॉर्क येथें एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीं आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले. तत्पूर्वीं त्या झाडांवर मेणबत्त्या लावीत व घरेंहि पेटवून घेत. जॉन्सन यांच्या दिव्यांचेंच वंशज असलेले तारेचे गोळे आपण परवांपरवांपर्यंत वापरीत होतों. तो गोळा मोठा उधळा. तो घेतलेल्या विजेची बहुतेक उष्णताच करी आणि प्रकाश नांवापुरता देई. अशा उधळ्यास पोसणें तळहाताएवढ्या पॅनेलास शक्यच नव्हतें. एलईडी काटकसरी निघाली. लाल व हिरवी एलईडी पुष्कळ आधीं होती; पण निळी नसल्यामुळें पांढरा उजेड करतां येत नव्हता. अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां जपानी शास्त्रज्ञांनीं सन १९९० च्या सुमारास निळी एलईडी सिद्ध केली व त्याबद्दल त्यांस सन २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तुमच्या ताऱ्यांतील पांढरा दिवा म्हणजे वर पिवळें रसायन चढविलेला निळाच दिवा आहे. न लागलेल्या दिव्याच्या टोंकांत पाहिलें तर तो पिवळा ठिपका दिसतो.

येथून हिशेबास आरंभ करूं. समजा, १ वॅटचें पॅनेल आहे व ५० दिव्यांची माळ आहे. स्वच्छ आकाशांत सूर्यासमोर ठेवलेल्या पॅनेलास डिसेंबरांत दिवसाकाठीं सुमारें ५ तासांच्या भर उन्हाएवढा प्रकाश मिळतो. (दिवस ११ तासांचा असला तरी सकाळचें व सायंकाळचें ऊन कोंवळें असतें, म्हणून ५ धरावयाचे.) १ वॅट गुणिलें ५ तास बरोबर ५ वॅट-तास, ही जमा. पण पॅनेलापासून बॅटरींत जातांना गळती होते. स्वस्त मालांत १०० पैकीं ६० भाग हातीं लागले तर समाधान मानावें. म्हणजे बॅटरींत पडले ३ वॅट-तास. आतां खर्च. ५० दिव्यांस एकूण ०.६ वॅट लागतात असें धरूं. तीनास ०.६ नें भागिलें असतां ५ येतात. डिसेंबरांत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो व सव्वासहास दिवे आपोआप लागतात. तेव्हां सव्वाअकराला माळ मालवणार. म्हणजे सर्व कांहीं यथास्थित असतांहि ही माळ मध्यरात्रीची उपासना सुटेपर्यंत टिकत नाहीं! मग पॅनेल जर वळचणीखालीं अर्धें सावलींत टांगलें असेल, तर ती आठालाच मालवली यांत नवल तें काय?

आतां सूर्य कोठें असतो तें पाहूं. मुंबई, अहिल्यानगर आणि नांदेड हीं तिन्ही शहरें जवळजवळ एकाच, म्हणजे १९ उत्तर अक्षांशावर आहेत. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेवीस अंश गेलेला असतो. तेव्हां भर मध्यान्हीं तो आपल्या डोक्यावर नसतो; ९० मधून १९ व साडेतेवीस वजा केले असतां साडेसत्तेचाळीस अंश उरतात, तेवढ्याच उंचीवर तो दक्षिणेस असतो. पॅनेल छपरावर आडवें टाकलें तर ऊन त्यावर तिरपें पडतें. किती कमी होतें तें साडेसत्तेचाळीस अंशांची भुजज्या काढून पाहावें: ०.७४. म्हणजे पूर्ण रुपयाऐवजीं पावणेबारा आण्यांची जमा. उलट, दक्षिणेकडील भिंतीवर पॅनेल उभें लावलें तर ०.६८ मिळतें; म्हणजे आडव्यापेक्षां थोडेंच कमी. हें कळल्यावर शहरांत मजल्यावर राहणाऱ्या मंडळींस धीर यावा. दक्षिणेकडे गॅलरी असेल तर गजांस बांधलेलें पॅनेलहि बरें काम करितें. पूर्वेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या गॅलरींत अर्ध्या दिवसाचेंच ऊन येतें. उत्तरेकडच्या खिडकींत डिसेंबरांत ऊन मुळींच येत नाहीं. तेथें टांगलेल्या पॅनेलावर तारा लागावा ही अपेक्षा म्हणजे कोरड्या आडांत पोहरा सोडणें होय.

सर्वांत उत्तम म्हणजे तोंड दक्षिणेस करून पॅनेल जमिनीपासून सुमारें ४२ अंश तिरकें उचलावें. कोनमापक घेऊन छपरावर चढण्याचें कारण नाहीं. पेन्सिलीचा एक लहान तुकडा घ्यावा व पॅनेलावर अगदीं काटकोनांत उभा धरावा. त्याची सावली पॅनेलावर पडते. मध्यान्हीं पॅनेल असें हलवावें कीं ती सावली आंखडत आंखडत पेन्सिलीच्या बुडाशीं नाहींशी होईल. सावली नाहींशी झाली कीं पॅनेल सूर्यासमोर आलें असें समजावें व मागें विटेचा तुकडा किंवा पाचर देऊन तसेंच बसवावें. मात्र मध्यान्ह म्हणजे घड्याळांतील बारा नव्हेत. आपलें घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतें, व आपण त्याच्या पश्चिमेस आहों. म्हणून डिसेंबरच्या अखेरीस अहिल्यानगरास खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास, मुंबईस त्यानंतर सातआठ मिनिटांनीं, तर नांदेडास त्यापूर्वीं सुमारें दहा मिनिटें होते. भूगोलांतील "स्थानिक वेळ" हा धडा कशासाठीं आहे असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस हें उत्तर.

सावलीविषयीं आणखी एक सांगावयाचें आहे, कारण येथेंच बहुतेक माळा बुडतात. पॅनेलाकडे निरखून पाहिलें तर त्यावर बारीक रेघांनीं पाडलेले तुकडे दिसतात. हे सारे निरनिराळे सौरघट असून एकामागें एक असे सांखळीसारखे जोडलेले असतात. पाटाच्या पाण्यास एका ठिकाणीं बांध घातला कीं पुढचें सारें शेत कोरडें राहतें, त्याप्रमाणें एका घटावर सावली पडली कीं सर्वांचा प्रवाह अडतो. निंबाची एक डहाळी, टीव्हीच्या छत्रीचा दांडा किंवा वाळत घातलेल्या धोतराचा कांठ पॅनेलाचा दशांश भाग झांकीत असेल तर वीज दशांशानें कमी होत नाहीं, कित्येकदां निम्म्याहून अधिक कमी होते. प्रयोगशाळेंतील प्रवाहमापक जोडून व पुठ्ठ्याची एक पट्टी पॅनेलावर सरकवीत हें पाहतां येतें. आम्ही वर्गांत हा प्रयोग करितों तेव्हां कांटा जो कोसळतो तो पाहून मुलांस मोठी मौज वाटते. घरींहि असाच प्रकार धुळीचा. दिवाळीपासून नाताळापर्यंत पाऊस नसतो, रस्त्याची धूळ उडते, उसाच्या पट्ट्यांत पाचटाची काळी राख उडते, आणि पहाटेच्या दवानें ती पॅनेलावर लिंपल्यासारखी बसते. दर दोनतीन दिवसांनीं सकाळीं ओल्या मऊ फडक्यानें पॅनेल पुसावें. राखुंडीनें घांसूं नये.

कित्येकांची तक्रार याच्या उलट असते: पॅनेल उन्हांत आहे, बॅटरी भरली आहे, पण दिवे लागतच नाहींत. तेथें रस्त्यावरचा दिवा कोठें आहे तें पाहावें. या माळांत अंधार ओळखणारें निराळें यंत्र बहुधा नसतें. पॅनेलापासून येणारा दाब पडला कीं आंतली चकती "रात्र झाली" असें समजून दिवे लावते. पॅनेलाच्या अगदीं वर नगरपालिकेचा झगझगीत दिवा असेल तर त्या बिचारीस रात्र झाल्याचें कळतच नाहीं.

हीच खोड आपणांस नाताळच्या रात्रीं कामास लावतां येते. वरच्या हिशेबांत रोजची जमा ३ वॅट-तास होती. पण त्या माळेंत ३.७ व्होल्ट व १२०० मिलीअँपिअर-तास लिहिलेली बॅटरी असेल तर तिच्या पोटांत ४.४ वॅट-तास मावतात. (व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा, १२०० मिली म्हणजे १.२.) रोज ती भरतां भरतां रिकामी होते, म्हणून कधीं पुरी भरत नाहीं. यास्तव २३ तारखेच्या रात्रीं तिला उपास घडवावा. खटका बंद करून ठेवावा. २४ तारखेस दिवसभर पुन्हां ऊन द्यावें. म्हणजे सायंकाळीं ती कांठोकांठ भरलेली असेल. ४.४ ला ०.६ नें भागिलें तर सात तासांहून अधिक येतात. सव्वासहास लागलेली माळ रात्रीं एक वाजून गेल्यावरहि तेवत राहील, आणि उपासनेहून परतणाऱ्या मंडळींस आपलें दार दिसेल. कांहीं स्वस्त माळांत मात्र खटका बंद केला कीं बॅटरी भरणेंहि बंद होतें. तसें असेल तर खटका दिवसा चालू ठेवावा, आणि २३ च्या रात्रीं पॅनेल घरांतील उजळ दिव्यापाशीं आणून ठेवावें. निजतांना दिवा मालवण्यापूर्वीं खटका बंद करावा, व सकाळीं उन्हांत नेतांना पुन्हां चालू करावा. कागदाची घडी खोक्यांत असते ती फेकून देण्यापूर्वीं वाचली तर हें कोडें राहत नाहीं.

पण आमची खरी शिफारस निराळी आहे. माळ आणि तारा यांचे संसार वेगळे करावे. ५० किंवा १०० दिवे भिंतीवरून सोडावयाचे असतील ते सोडावे. ते दहाला मालवले तर मालवूं द्यावे, गल्लीहि तोंपर्यंत निजते. ताऱ्यास मात्र २० दिव्यांची लहान माळ स्वतंत्र पॅनेलासह द्यावी. एकेक दिवा ०.०१२ वॅट याप्रमाणें २० दिव्यांस ०.२४ वॅट पुरतात. १ वॅटचें पॅनेल व तीन वॅट-तास घेणारी बॅटरी असेल तर ३ ला ०.२४ नें भागून साडेबारा तास येतात. म्हणजे दिवेलागणीपासून पहांटेपर्यंत. एवढ्या दिव्यांचा उजेड एकदोन मेणबत्त्यांएवढाच होतो, हें खरें. परंतु ताऱ्यास याहून अधिक उजेड लागत नाहीं. आमच्या लहानपणीं त्यांत एकच मेणबत्ती असे, आणि गांवाबाहेरच्या रस्त्यावरून तो दिसे.

येथें ताऱ्याच्या घडणीविषयीं थोडें लिहिलें तर तें विषयांतर होणार नाहीं, कारण थोडा उजेड पुरवून वापरणें हें अर्धें कागदावर अवलंबून असतें. नाताळच्या घनाकृती ताऱ्याचा उगम एका शाळेंतच झाला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. आजच्या जर्मनीच्या सॅक्सनी राज्यांत नीस्की म्हणून गांव आहे. तेथील मोरेव्हियन मंडळीच्या मुलांच्या शाळेंत सन १८३० नंतरच्या दशकांत भूमितीच्या तासास कागदाचे असे तारे करवून घेत. पुढें त्याच मंडळीच्या हेर्नहूट या गांवीं त्यांचा कारखाना निघाला, व तेथून ते जगभर गेले. १८ चौरस व ८ त्रिकोण अशा २६ पृष्ठांची एक घनाकृति घ्यावयाची. एक चौरस टांगण्यासाठीं व दिवा घालण्यासाठीं मोकळा ठेवावयाचा, आणि उरलेल्या पंचवीस पृष्ठांवर एकेक निमुळतें टोंक बसवावयाचें, अशी ती रचना. आपल्याकडचा पंचकोनी तारा सोपा आहे. पांच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा, दोहोंचीं टोंकें एकमेकांस बांधावयाचीं, आणि मध्यें पांच ठिकाणीं वीतभर काड्या अडकवून पोट फुगवावयाचें.

त्यावर कागद चढवितांना मुलें गर्द लाल किंवा निळें जिलेटीन मागतात. तेथें पालकांनीं थोडें थांबावें. लाल जिलेटीन पांढऱ्या उजेडांतील लाल भाग तेवढा बाहेर सोडतें आणि बाकीचा गिळून टाकतें. म्हणजे मोठ्या कष्टानें मिळविलेल्या जमेंतून निम्म्याहून अधिक कागदालाच दान जाते. तांबडा तारा हवा असेल तर आंत तांबडी एलईडी घालावी आणि बाहेर पांढरा पतंगी कागद लावावा. रंगहि मिळतो व उजेडहि वांचतो. दिवे आंत एका ठिकाणीं गोळा करून सोडूं नयेत. मधल्या काडीभोंवतीं माळ गुंडाळून चारचार दिवे प्रत्येक टोंकाकडे वळवावे, म्हणजे पांच टोंकांस वीस पुरतात आणि पोटांत झगझगाट व टोंकांत अंधार असें होत नाहीं. पॅनेल ताऱ्यावर बांधण्याचा मोह होतो, तो आवरावा. तारा दाराशीं शोभतो, पॅनेल उन्हांत शोभतें. मध्यें दोनतीन मीटर तार असली म्हणजे दोघांचेंहि भागतें.

खरेदीस जातांना खोक्यावरील "१२ तास चालेल" या अक्षरांकडे पाहूं नये. पॅनेल किती वॅटचें, बॅटरी किती व्होल्टची व किती मिलीअँपिअर-तासांची, आणि माळेस किती वॅट लागतात, हे चार आंकडे पाहावे. ते जेथें मुळींच छापलेले नाहींत तो माल घेऊं नये. बॅटरी बदलतां येते कीं नाहीं, हेंहि विचारावें, कारण पॅनेल व दिवे पुष्कळ वर्षें टिकतात, बॅटरी मात्र दोनतीन वर्षांनीं थकते. नवी घालतांना जुनीवर लिहिलेल्या जातीचीच घालावी. पुन्हां भरतां न येणारा साधा सेल तेथें बसत असला तरी घालूं नये, तो गळतो व फुटूंहि शकतो. लिथियमची बॅटरी फोडणें, चेपणें किंवा तिचीं दोन टोंकें तारेनें जोडून ठिणगी पाहणें हे खेळ आमच्या कांहीं हुशार विद्यार्थ्यांस सुचतात. ती पेट घेते व पाण्यानें सहज विझत नाहीं. थकलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा शेकोटींत टाकूं नये. सन २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची वाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातलेली आहे; तेव्हां ती दुकानदाराकडे किंवा अशा वस्तू गोळा करणाऱ्या केंद्रांत द्यावी.

जानेवारीच्या सहाव्या तारखेनंतर तारे उतरतात. तेव्हां पॅनेल पुसून, माळ एका पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून व खटका बंद करून कोरड्या जागीं ठेवावी. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवूं नये, उन्हाळ्यांत तेथें भट्टी होते व बॅटरी लवकर म्हातारी होते. ठेवतांना बॅटरी अगदीं रिकामी नसावी. खोक्यावर खरेदीची तारीख लिहून ठेवावी. मध्यें एकदां, मे महिन्याच्या सुटींत, माळ बाहेर काढून दिवसभर ऊन दाखवावें. त्या दिवसांत मात्र पॅनेल आडवेंच ठेवावें. मेच्या मध्यास दुपारीं सूर्य आपल्या अगदीं डोक्यावर असतो आणि उभ्या पेन्सिलीस सावलीच उरत नाहीं.